कुत्र्याचे शेपूट काय सांगते?

मंडळी, शेपूट हलले म्हणजे कुत्रा खूश, ही समजूत अर्धीच खरी आहे. डोंबिवली स्टेशनचा जिना असो, ठाण्याची गल्ली असो की कल्याणपलीकडचे खेडे. शेपटाबरोबर सारे अंग बघावे. शेपूट सैल, कंबरेसकट डोलते आहे, तर तो राम राम समजा. शेपूट ताठ, टोक तेवढे थरथरते, नजर रोखलेली, तर तो इशारा. शेपूट पायांत, कान मागे, तर कुत्रा भ्यालेला. आणि असा कुत्रा कोपऱ्यात सापडला की चावतो.

इटलीतील संशोधकांना २००७ साली असे आढळले, की मालक दिसला म्हणजे शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे अधिक झुकते. परका दांडगा कुत्रा दिसला, की डावीकडे.

गुरुजी, मुलांना एवढे शिकवाच : पळू नये, डोळ्याला डोळा देऊ नये, हात खाली सोडून स्तब्ध उभे राहावे. खाणाऱ्या कुत्र्याला, पिलांजवळच्या कुत्रीला छेडू नये. तरी दात लागलाच, तर हळद, चुना, मिरची काही भरू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सांगितलेली सगळी इंजेक्शने पुरी करा. रेबीजची लक्षणे एकदा दिसली, की माणूस बहुधा हाती लागत नाही.