कष्टाचा हिशेब (भाग ७) : दीड हजेरी की दोन?

सुरतजवळच्या कामरेज चार रस्त्याला संध्याकाळी सातनंतर रिक्षा मिळवणं म्हणजे दिव्य. लूम्सच्या खात्यांतली दिवसपाळी सुटलेली असते आणि रातपाळीवाले उलट्या बाजूला निघालेले असतात. अशाच एका गर्दीत चहाच्या टपरीवर अमळनेरकडच्या एका गड्याने मला खिशातली डायरी दाखवली. प्रत्येक तारखेपुढे एकच आकडा : १॥, १॥, १॥. मध्येच एखादा १. तो बॉबिन भरण्याच्या कामावर, रोजंदारीने. आठ तासांची एक हजेरी, बारा तास थांबलं की दीड. ‘हिशोब चोख शे शेठना,’ तो म्हणाला.

बेरीज चोखच होती. पण बारा तासांची हजेरी दीड नसते, दोन असते.

कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ मध्ये हे लिहिलेलं होतं. दिवसाचे नऊ किंवा आठवड्याचे ४८ तास ओलांडले की पुढच्या प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या दुप्पट. नेहमीचा दर म्हणजे नुसता बेसिक नव्हे, त्यात भत्तेही धरायचे. बोनस तेवढा बाहेर. आता आपल्या गड्याचा रोज ६०० रुपये समजा. ताशी ७५ झाले. जेवणाची सुट्टी वजा जाता तो सहा दिवस बारा-बारा तास भरत असेल, तर आठवड्याचे ७२ तास होतात, म्हणजे २४ तास ओव्हरटाइम, दिवसाला सरासरी चार. चार तासांचे १५० रुपयांनी ६००. दिवसाचे एकूण १,२०० व्हायला हवेत. त्याच्या हातात पडतात ९००. महिन्याच्या २६ दिवसांत हा फरक ७,८०० रुपयांवर जातो. सुरतेत खोलीचं भाडं भरून वर गावी पाठवायला काही उरेल, एवढी ही रक्कम.

गंमत अशी की ही दीड हजेरी एकदा सरकारी कागदावरही चढली होती. टाळेबंदीत, १७ एप्रिल २०२० ला, गुजरात सरकारने अधिसूचना काढली : कारखान्यांत दिवसाला बारा, आठवड्याला ७२ तास काम चालेल, आणि जादा तासांचा पगार त्याच दराने. उदाहरणही दिलं होतं. आठ तासांचे ८० रुपये असतील तर बारा तासांचे १२०. टपरीवरची डायरीच जणू गांधीनगरात टाइप झाली! गुजरात मजदूर सभा सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० ला न्या. चंद्रचूड यांच्या पीठाने अधिसूचना रद्द केली. कलम ५ मधली ‘सार्वजनिक आणीबाणी’ म्हणजे युद्ध किंवा अंतर्गत अशांततेने देशाच्या सुरक्षिततेला आलेला धोका. महामारीने धंदा बसला म्हणून ती लागू होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. २० एप्रिलपासूनचा ओव्हरटाइम दुप्पट दराने द्या, असा आदेशही दिला. ८० चे १२० नव्हे, १६०.

‘आम्ही मीटरवर आहोत, आम्हाला कसला ओव्हरटाइम?’ हा प्रश्न मला दर वेळी संचा (लूम) चालवणारे, विणलेल्या मीटरवर पैसे मिळणारे कारागीर विचारतात. शेठ लोकांनी तो त्यांच्या डोक्यात पक्का बसवलाय. त्याच कलम ५९ मध्ये मीटरवाल्यांसाठीही रीत होती. मागच्या महिन्यात पूर्णवेळ कामाची जी कमाई झाली, तिची ओव्हरटाइम वगळून दिवसाची सरासरी काढायची आणि तो दर धरून दुप्पट करायची. अवघड आहे का? मीटरची चिठ्ठी जपून ठेवली तर नाही.

२०२५ मध्ये गुजरातने कारखाना कायद्यात पुन्हा बदल केला. दिवसाला बारा तासांपर्यंत मुभा दिली, पण आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवले. तिमाहीचा ओव्हरटाइम कामगाराच्या संमतीने १२५ तासांपर्यंत नेला. आपल्या गड्याचे आठवड्याला २४ प्रमाणे तेरा आठवड्यांत ३१२ होतात. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी रजिस्टरात आठच तास लिहिलेले सापडतात. मग २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुना कारखाना कायदा त्यांत विरला. दुप्पट मात्र टिकली. वेतन संहितेच्या कलम १४ मध्ये ती आहे. ‘आमचं खातं छोटं, फॅक्टरीत मोडत नाही’ ही पळवाटही तिथे अरुंद होते, कारण वेतन संहिता आस्थापनेत माणसं किती ते मोजत बसत नाही.

आता ती डायरी. संहितेप्रमाणे कमी पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. पण किती तास भरले, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. गड्याला मी एवढंच म्हटलं की ‘१॥’ लिहू नकोस. ती शेठची भाषा झाली. आलो किती वाजता, सुटलो किती वाजता, ते लिही.

त्याने डायरी परत घेतली, पेन मागितलं आणि त्या दिवसाच्या दीडपुढे लिहिलं : ७ ते ७.



(पुढच्या आठवड्यात : ठेकेदार बदलला की पीएफचं काय होतं?)