मुदतबंद चित्रपट

कोकण रेल्वेने जाणाऱ्या ज्या रसिकाचा मोबाइलवरील चित्रपट रत्नागिरीनजीकच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात गाडी शिरताच ऐन रंगात थबकतो, त्याला तो आदल्या रात्रीच घरच्या वायफायवर उतरवून ठेवण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. यूट्यूबने ही सोय भारतात २०१४ च्या डिसेंबरात दिली, तीही ४८ तासांच्या मुदतीने. नेटफ्लिक्सने २०१६ च्या नोव्हेंबरात.

एरवी चित्रफीत काही सेकंदांच्या तुकड्यांनी येते आणि पाहून होताच ते तुकडे टाकून दिले जातात; डाउनलोडचे बटण दाबले म्हणजे तेच तुकडे फोनमध्ये साठतात खरे, परंतु कूटबद्ध स्वरूपात, आणि ते उलगडणारी किल्ली मात्र कंपनीच्या मुदतबंद परवान्याच्या स्वाधीन असते. म्हणूनच फाइल दुसऱ्या फोनवर नेली तरी चालत नाही, आणि मुदत सरली की ती जागच्या जागी असूनही उघडत नाही. हे खरेदीखत नव्हे, भाडेपट्टा आहे. नियमाने वर्गणी भरणाऱ्यास ते खटकते, आणि माझ्या मते खटकावेच. तथापि हक्कभंगाच्या हेतूने हे कुलूप फोडणे कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे.

तेव्हा प्रवासास निघण्यापूर्वी ॲप एकवार उघडून मुदत पाहून घ्यावी, आणि लहान पडद्यासाठी मध्यम दर्जाचीच प्रत उतरवावी. जागा पुष्कळ वाचते.