एमिली स्कॅरट : तीन गुणांची किंमत

ऑक्टोबर 2025 मध्ये रग्बीपटू एमिली स्कॅरट निवृत्त झाली. इंग्लंडसाठी 119 कसोट्या, 754 गुण, पाच विश्वचषक. इंग्लंडच्या दुसऱ्या कुठल्याही बाईच्या नावावर एवढे गुण नाहीत. त्यानंतर तिच्यावर भरभरून लिहून आलं. तिची लांब टांग, बचावातली फट हेरून आत घुसणं, तिचे ट्राय यांचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण त्या 754 मधला मोठा वाटा टीवर चेंडू ठेवून, क्षणभर थांबून, शांतपणे मारलेल्या किकांचा आहे. त्यावर कुणालाही दोन ओळींपलीकडे लिहावंसं वाटलं नाही. माझं जुनं भांडण आहे ते इथेच.

सुरुवातीचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. जन्म 1990 चा, लेस्टरचा, घर शेतकऱ्याचं. सोळाव्या वर्षी अमेरिकेतून बास्केटबॉलची शिष्यवृत्ती चालून आली, ती तिनं नाकारली. 2008 मध्ये इंग्लंडकडून पदार्पण केलं आणि पहिल्या बारा सामन्यांत बारा ट्राय केले. सातजणींच्या रग्बीचा, सेव्हन्सचा, अध्यायही मोठा आहे. रिओ ऑलिंपिकमध्ये ब्रिटनची कर्णधार तीच होती, संघ चौथा आला. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी पुढे जातो.

पुढे म्हणजे 17 ऑगस्ट 2014, पॅरिसचं स्टाद जाँ-बुएँ, विश्वचषकाचा अंतिम सामना. इंग्लंडनं विश्वचषक जिंकल्याला वीस वर्षं झाली होती. 2002, 2006 आणि 2010 अशा लागोपाठ तीन अंतिम सामन्यांत न्यूझीलंडनं त्यांना परतवलं होतं. या वेळी समोर कॅनडा. साखळीत याच दोघांची 13-13 अशी बरोबरी झालेली. डॅनिएल वॉटरमनचा ट्राय आणि स्कॅरटच्या दोन पेनल्टी यांच्या जोरावर इंग्लंड 11-0 पुढे गेलं. मग मगाली हार्वेनं कॅनडासाठी एकामागून एक तीन पेनल्टी साधल्या आणि अंतर दोन गुणांवर आणलं. 11-9. तीन पराभवांचं ओझं वाहणारा संघ अशा वेळी कसा आक्रसतो, ते आपण क्रिकेटमध्येही पाहिलेलं आहे. तेवढ्यात इंग्लंडला पेनल्टी मिळाली. स्कॅरटनं ती मारली, 14-9. त्या तीन गुणांनी सामना वळला, असं माझं ठाम मत आहे. अखेरीस तिनंच ट्राय केला, तिनंच कन्व्हर्जन मारलं आणि 21-9 वर शिट्टी वाजली. एकवीसपैकी सोळा गुण तिचे. स्पर्धेत तिचे सत्तर गुण झाले, ते सर्वाधिक होते. सारांशचित्रफितींत शेवटचा ट्राय हटकून दिसतो. ती तिसरी पेनल्टी मात्र बहुतेक वेळा कापलेली असते.

आमच्यातले काही जाणकार म्हणतात, बायकांच्या रग्बीत किक हा कच्चा दुवा आहे. पायात ताकद कमी पडते, तेव्हा चेंडू लहान करा. मला हे अजिबात पटत नाही. स्कॅरटनं पुरुषांच्याच मापाचा, पाच नंबरचा चेंडू सतरा वर्षं मारला. लांबची किक मांडीच्या जोरापेक्षा रोवलेल्या पायावर, चेंडूवर पाय नेमका कुठे लागतो त्यावर आणि पाय पुढे सरळ रेषेत जाण्यावर उभी असते. ते तालमीनं येतं. तालीम करायला वेळ लागतो आणि वेळेला पैसा लागतो. इंग्लंडनं पंधराजणींच्या खेळासाठी पूर्णवेळ करार दिले ते 2019 च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षी स्कॅरट जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. चेंडूचं माप बदला म्हणणाऱ्यांनी आधी मुलींना सरावाचे तास द्यावेत.

हल्ली तर गोलावर किक मारणंच हरवत चाललंय. 2014 च्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून सहा पेनल्टी गोलांत गेल्या. ऑकलंडच्या ईडन पार्कवर 2022 च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडनं इंग्लंडला 34-31 हरवलं, त्यात एकही नाही. शेवटच्या क्षणी तीन गुणांनी मागे असलेल्या इंग्लंडला पेनल्टी मिळाली. त्यांनी चेंडू कोपऱ्यात बाहेर मारून लाइन-आउट घेतला आणि तो न्यूझीलंडनं हिसकावला. अंतर, कोन, थकवा हे सगळं मी जाणतो. तरीही मैदानात स्कॅरटसारखा पाय कमावलेला असताना बरोबरीचा विचार व्हायला हवा होता.

2023 मध्ये मानेची शस्त्रक्रिया, 2024 मध्ये पुनरागमन. 2025 चा विश्वचषक तिनं राखीव खेळाडू म्हणून पाहिला आणि थोडा खेळला. अंतिम सामन्यात ट्विकनहॅमवर 81,885 प्रेक्षकांसमोर इंग्लंडनं कॅनडाला 33-13 हरवलं. इंग्लंडचे पाच ट्राय, चार कन्व्हर्जन, पेनल्टी गोल शून्य. विजय देखणा होता, पण गोलावर किक न मारण्याची ही मोकळीक वरचढ संघालाच परवडते.

दुबळ्या संघाला परवडत नाही, आणि आपण दुबळ्यांतच मोडतो. 2019 च्या जूनमध्ये मनिलात पुण्याच्या वाहबिझ भरुचाच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी पंधराजणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. सिंगापूरविरुद्ध 21-19. निर्णायक गुण आले ते ओडिशाच्या सुमित्रा नायकनं अखेरच्या मिनिटांत मारलेल्या पेनल्टीतून. भारतीय संघाच्या शिबिरात किकसाठी स्वतंत्र प्रशिक्षक नेमा, असं मी तेव्हापासून लिहितो आहे आणि यंदाही तेच लिहितो.