चुन्याच्या निवळीतील शहाणपण

मेक्सिकन जेवण म्हटले की आपल्या शहरांतील उपाहारगृहांत मिळणारे, चीजने माखलेले कुरकुरीत टाको डोळ्यांसमोर येतात. मेक्सिकोतील एखाद्या प्रांताचे खरे खाद्यवैभव त्याहून फार निराळे आहे. युनेस्कोने २०१० मध्ये त्या देशाच्या पारंपरिक पाककलेचा अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला, तेव्हा आदर्श म्हणून मिचोआकान या पश्चिमेकडील प्रांताची निवड झाली होती. त्या प्रांताची राजधानी मोरेलिया येथे गावोगावच्या पारंपरिक स्वयंपाकिणींचा मेळावा भरतो. त्यातील एक संध्याकाळ मला लाभली.

पुरेपेचा जमातीच्या स्त्रिया, भरतकाम केलेल्या पोलक्यांत, लाकडाच्या चुलींसमोर बसल्या होत्या. कोवळ्या मक्याचे वाटण कणसाच्याच सालीत गुंडाळून वाफवलेले ‘उचेपो’ प्रथम हाती आले. किंचित गोड आणि इतके मऊ, की दात न आलेल्या बाळालाही भरवावे. त्यानंतर मक्याच्या लांब पानांत बांधलेली कोनाकृती ‘कोरुंदा’ आणि तिच्या जोडीला ‘चुरिपो’ हा मांसाचा लालभडक रस्सा. ‘आतापाकुआ’ नावाच्या कालवणाला मक्याचे पीठ लावून दाटपणा आणतात, जसे आपण पिठल्याला बेसन लावतो. सर्वांत शेवटी ‘आतोले’ हे मक्याच्या पिठाचे ऊन पेय मिळाले, तेव्हा आपली आंबील आठवल्यावाचून राहिली नाही. मिरची, मका, टोमॅटो आणि चिकू ही त्याच भूभागाची आपल्याला मिळालेली देणगी आहे, हे तेथे चवीनिशी पटते.

परंतु माझ्यातील वैद्याचे लक्ष वेधले ते एका साध्या मडक्याने. त्यात मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवले होते. काही घरांत, विशेषतः कोरुंदांसाठी, चुन्याऐवजी लाकडाची राख वापरतात. सकाळी दाणे चोळून धुतले की साल सुटते. मग ते दगडी पाट्यावर वाटतात. असा संस्कार केलेल्या मक्याला ‘निश्तमाल’ म्हणतात. त्याने पीठ मळण्याजोगे चिकट होते, त्यात कॅल्शियमची भर पडते आणि मक्यात बद्ध असलेले नायसिन मोकळे होऊन शरीराला मिळते.

युरोपने मका नेला, ही क्रिया मात्र नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत त्वचा, आतडी व मेंदू यांना ग्रासणारा रोग पसरला. स्पॅनिश वैद्य गास्पार कासाल यांनी तो १७३५ मध्ये हेरला. पुढे इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात हजारो बळी गेल्यावर जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो संसर्ग नसून आहारदोष असल्याचे दाखवून दिले. आपल्या हैदराबादेतही डॉ. सी. गोपालन यांनी ज्वारी खाणाऱ्यांतील पेलाग्राचा अभ्यास केला आणि १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिनच्या आधिक्याशी जोडला. त्या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले. परंतु केवळ एका धान्यावर पोसलेले शरीर उणे राहते, हा धडा अबाधित आहे. भाकरीशेजारी डाळ, पालेभाजी आणि ताक यांना मान देणारे ताट म्हणूनच मोलाचे.

याच देशाची दुसरी बाजू बालरोगतज्ज्ञाला अस्वस्थ करते. पुरेपेचा आजीची नातवंडे आतोलेऐवजी शीतपेयाची बाटली तोंडाला लावताना दिसतात. बालकांतील स्थूलता ही मेक्सिकोची मोठी चिंता आहे. तेथील शासनाने २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसविला. पहिल्या वर्षी त्यांची खरेदी सरासरी सहा टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासांत आढळले. २०२० पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे आले आणि मार्च २०२५ पासून शाळांत असे पदार्थ विकण्यास बंदी झाली. कायदे आवश्यकच आहेत. पण ज्या घरात मडके अजून चुलीवर आहे, तेथे अर्धे काम आधीच झालेले असते.

आपल्या दवाखान्यांतही ‘मूल काही खातच नाही’ ही तक्रार रोजची. शक्तिवर्धक पावडरीचे नाव लिहिण्यापूर्वी आपण आईला एवढे विचारावे, की घरात नाचणीची आंबील, ज्वारीच्या कण्या किंवा मुगाची खिचडी शेवटची केव्हा झाली. आणि सोबत आजी आली असेल, तर ती कशी करतात हे तिलाच सांगू द्यावे.