सक्ती उठली, शंका राहिली

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. त्या दिवशी पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर भाविकांनी पुन्हा डोके ठेवले. मार्च २०२० मध्ये मंदिर बंद झाले होते. नंतर ते उघडले, तरी लांबूनच मुखदर्शन मिळे. पायांवर डोके टेकल्याशिवाय वारकऱ्याचे दर्शन पुरे होत नाही, त्यामुळे तो पाडवा सोलापूर जिल्ह्याला वेगळाच वाटला. त्याच्या आदल्या दिवशी, १ एप्रिलपासून, राज्य सरकारने कोरोनाचे सगळे निर्बंध मागे घेतले होते आणि मास्क ऐच्छिक केला होता.

दोन वर्षे अडलेली माणसे मग मोकळी झाली. जुलै २०२२ मध्ये पालख्या पुन्हा पायी आल्या. आधीच्या दोन्ही आषाढींना संतांच्या पादुका एसटीने पंढरीला पोहोचल्या होत्या. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेतले विधी २०२१ आणि २०२२ च्या जानेवारीत मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत उरकावे लागले. २०२३ मध्ये मात्र अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याभोवती पांढऱ्या बाराबंदीतल्या भक्तांची पहिल्यासारखी दाटी झाली.

गर्दी परतली याचा आनंद आहेच. पण त्या मोकळेपणात एक प्रश्न मागेच राहिला. ज्या लसीच्या जोरावर हे दरवाजे उघडले, त्या लसीविषयी लोकांच्या मनात काय शिल्लक राहिले? आजही एखादा तरुण अचानक गेला की अंत्ययात्रेत कुजबुज सुरू होते, ‘लस घेतली होती ना?’ ही कुजबुज अडाणीपणाची म्हणून झटकून टाकता येणार नाही. ती कुठून आली, हे सोलापूरच्या अनुभवातून नीट पाहता येते.

मरणाच्या वाटेने आलेला आजार

एप्रिल २०२० च्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सोलापुरात एकही रुग्ण नव्हता. पहिला रुग्ण सापडला तो शहराच्या पूर्व भागात, आणि अहवाल आला तेव्हा तो दगावलेला होता. म्हणजे या शहराला आजाराची पहिली ओळखच मृत्यूने करून दिली. त्यानंतरचे काही महिने सोलापूरचा मृत्युदर राज्याच्या काळजीचा विषय होता. अनेक रुग्ण अगदी शेवटच्या टप्प्यात रुग्णालयात पोहोचत. घरचा माणूस आत गेला की परत दिसत नाही, ही भीती गल्लीगल्लीत बसली. त्यामुळे सर्दी-ताप लपवला जाई, उशीर होई आणि उशिरामुळे मृत्यू वाढत. प्रत्येक मृत्यूने भीतीला नवा पुरावा मिळे.

पूर्व भागाची वस्ती दाट. पद्मशाली समाजाची घरे, यंत्रमाग आणि विडी वळणाऱ्या बायकांचे उंबरे एकमेकांना चिकटून. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि दखनी. सरकारी सूचना येत त्या मराठीत, तीही कार्यालयीन. ‘सामाजिक अंतर राखावे’ हे वाक्य दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरात कसे पाळायचे, हे कुणी सांगितले नाही.

तापाचा एक दिवस

लस आली तेव्हा या घरांमध्ये सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न साधा होता : ‘ताप येतो का?’ ऐकणाऱ्याला ती भीती वाटायची. खरे तर तो हिशेब होता.

सोलापुरातल्या विडी कामगार महिलांची संख्या साठ ते सत्तर हजारांच्या घरात सांगितली जाते. त्यांची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. भिजवलेली तेंदूची पाने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन एकेक विडी वळायची, तोंड दुमडायचे, दोऱ्याने बांधायची आणि माल कारखान्याच्या शाखेत नेऊन द्यायचा. दोन्ही हातांची बोटे सतत चालावी लागतात. दंड दुखत असेल तर वेग पडतो, अंगात ताप असेल तर सूप समोर घेतलेच जात नाही. हजार पुरे झाले नाहीत तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. पगारी नोकरदाराला लसीनंतरचा ताप म्हणजे एक सुट्टी. विडी कामगार बाईला तो म्हणजे एक दिवसाची उपासमार किंवा उसनवारी.

वैद्यकीय उत्तर तयार होते. लस शरीराला आजाराची ओळख करून देते, शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करते आणि त्या तयारीच्या काळात एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, दंडाला सूज येऊ शकते. हे उत्तर बरोबर आहे. पण ते अर्ध्याच प्रश्नाचे आहे. उरलेला अर्धा प्रश्न मजुरीचा होता, आणि त्याचे उत्तर परिचारिकेकडे नव्हते.

केंद्रावरची व्यवस्थाही कष्टकऱ्याच्या वेळेला धरून नव्हती. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी उघडली की ती चार तासांत संपवावी लागते. त्यामुळे लस वाया जाऊ नये म्हणून पुरेशी माणसे जमेपर्यंत थांबवले जाई. टोचल्यावर पुन्हा अर्धा तास निरीक्षणाखाली बसायचे. यातले प्रत्येक कारण शास्त्रीयदृष्ट्या योग्य होते. तरी ते सांगितले गेले नाही, तर रांगेतल्या बाईला एवढेच दिसते की आपला दिवस कुणीतरी फुकट घालवतो आहे.

आधी टंचाई, मग आग्रह

आठवून पाहा, लस घ्यायला लोक तयार नव्हते असे सुरुवातीला अजिबात नव्हते. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झाले. १ एप्रिलपासून ४५ वर्षांपुढच्या सर्वांना आणि १ मेपासून १८ वर्षांपुढच्यांना ती खुली झाली. नेमकी तेव्हाच दुसरी लाट उसळली होती आणि केंद्रांवर लस संपल्याच्या पाट्या लागत होत्या. नोंदणी मोबाइलवर, ओटीपीवर. ज्यांची बोटे फोनवर झरझर चालत त्यांना जागा मिळे. राज्यात अनेक ठिकाणी शहरातली माणसे गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर लस घेऊन गेली आणि गावकरी बघत राहिले.

त्यात दोन डोसांमधले अंतर बदलत गेले. कोविशिल्डसाठी ते आधी चार ते सहा आठवडे होते, मग सहा ते आठ, आणि मे २०२१ मध्ये बारा ते सोळा. नव्या आजारात नवी माहिती हाती येते तसे नियम बदलतात. अंतर वाढवण्यामागे अभ्यास होते. पण लस तुटवड्याच्या दिवसांतच अंतर वाढले, तेव्हा ‘लस नाही म्हणून तारीख पुढे ढकलली’ असा अर्थ लोकांनी लावला. त्यांची समजूत काढायला कुणी वेळ दिला नाही.

मग लसीचा साठा आला आणि वारे फिरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरण मोहीम राबवली. २७ नोव्हेंबरच्या आदेशाने सार्वजनिक ठिकाणी, वाहतुकीत आणि कार्यक्रमांत दोन डोसांची अट आली. मास्कसारखे नियम मोडणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरला. काही महिन्यांपूर्वी ज्यांना रांगेतून परत पाठवले त्यांनाच आता प्रमाणपत्र विचारले जाऊ लागले.

माझ्या मते इथे मोठे नुकसान झाले. लस ही जीव वाचवणारी गोष्ट होती, ती प्रवेशपत्र बनली. अनेकांनी ती बस, बाजार आणि नोकरीसाठी घेतली. १ एप्रिल २०२२ ला फाटक उघडले तेव्हा प्रवेशपत्राची गरज संपली, आणि त्याबरोबर लसीचे कारणही अनेकांच्या मनातून पुसले गेले. १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस प्रौढांना वर्धक मात्रा मोफत होती, तरी केंद्रांवर पूर्वीसारखी रांग दिसली नाही. मास्कचेही तसेच झाले. आधी तो नाकाखाली आला, मग हनुवटीवर, शेवटी खिशात. दंड करणारा पोलीस चौकातून हलला की मास्क उतरे, कारण तो कशासाठी लावायचा याचे उत्तर आपण ‘दंडासाठी’ असे शिकवले होते.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. त्याच निकालात न्यायालयाने लसीकरणाचे धोरण अवाजवी ठरवले नाही आणि लसींच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर यावी असेही सांगितले. माणसाच्या शरीरावर माणसाचा हक्क आणि त्याला खरी माहिती मिळण्याचा हक्क, दोन्ही बरोबरीने जपायला हवेत, हे त्या निकालाचे सार मला मोलाचे वाटते.

खऱ्या शंका, खरी उत्तरे

खरी माहिती म्हणजे गैरसोयीचीही माहिती. कोविशिल्ड ज्या ॲस्ट्राझेनेकाच्या तंत्रावर बनली, त्या लसीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होतात, हे २०२१ पासूनच माहीत होते. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राच्या समितीने भारतातले प्रमाण दर दहा लाख डोसांमागे ०.६१ असे सांगितले होते. एप्रिल २०२४ मध्ये या लसीवरून ब्रिटनमध्ये चाललेल्या खटल्याची बातमी आली तेव्हा मात्र ती नवीच असल्यासारखी गावोगाव पसरली. घाबरलेल्यांना एकच वाक्य सांगायला हवे होते : हा त्रास झालाच तर लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या डोसामुळे आज गुठळी होईल, अशी धास्ती बाळगायचे कारण नाही.

दुसरी शंका हृदयविकाराची. २०२५ च्या जूनमध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या आणि पुन्हा लसीकडे बोट गेले. सोलापूरची निम्मी नाती सीमेपलीकडे, त्यामुळे ती चर्चा इथेही पोहोचली. या प्रश्नाचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आधीच केला होता. ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या आणि अचानक दगावलेल्या ७२९ जणांची माहिती जमवून ती तशाच इतर लोकांशी ताडून पाहिली. लसीमुळे असा मृत्यू होण्याची शक्यता वाढल्याचे आढळले नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये ती कमी दिसली. धोका वाढवणारी कारणे निराळी निघाली : कोरोनामुळे रुग्णालयात भरती व्हावे लागणे, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास, मृत्यूच्या आदल्या दोन दिवसांत बेसुमार मद्यपान, अतिश्रमाचा व्यायाम.

हे निष्कर्ष २०२३ मध्येच प्रसिद्ध झाले. ते पूर्व भागातल्या एखाद्या उंबऱ्यावर तेलुगूत कुणी सांगितले का, हा माझा प्रश्न आहे.

ओळखीचा आवाज

याच जिल्ह्याने उत्तरही दाखवले आहे. ३० मे २०२१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याला उद्देशून केलेल्या भाषणात कोरोना रोखणाऱ्या तीन गावकारभाऱ्यांचे कौतुक केले. हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांखेरीज उरलेले दोघे सोलापूर जिल्ह्यातले तरुण सरपंच होते : मोहोळ तालुक्यातल्या घाटण्याचे ऋतुराज देशमुख आणि दक्षिण सोलापूरमधल्या अंत्रोळीच्या कोमल करपे. या गावांना कुणी बाहेरचा येऊन दटावत नव्हता. रोज समोर दिसणारा माणूस दारात येऊन विचारत होता, ‘काल ताप होता, आज कसा आहे?’ हा माणूस उद्याही गावातच राहणार आहे, चुकले तर त्याला जाब विचारता येईल, याची लोकांना खात्री होती.

लसीवरचा विश्वास नेहमी असाच हातोहात आला आहे. १८०२ मध्ये मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. तिच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला, अशी ती लस देशात पसरली. आपल्या घरातल्या वयस्क माणसांच्या दंडावरचे देवीचे वण ही त्याच साखळीची शेवटची खूण. पोलिओच्या वेळीही ‘मूल होत नाही’ ही अफवा होती. दारावर खडूने खूण करून जाणारी कार्यकर्ती पुढच्या फेरीलाही आली, त्याच्या पुढच्या फेरीलाही आली, आणि तिच्या येण्यानेच ती अफवा झिजली. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला.

तो विश्वास आपण गमावला तर किंमत मुले मोजतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी आणि आसपास, मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली, बालके दगावली. महामारीच्या काळात नेहमीच्या लसी चुकल्या होत्या आणि काही घरांनी शंकेपायी त्या टाळल्याही होत्या. एका लसीविषयीची अनुत्तरित शंका दुसऱ्या लसीच्या वाटेत उभी राहते, ती अशी.

म्हणून पुढच्या वेळेसाठी माझी मागणी तीन साध्या गोष्टींची आहे. लसीची माहिती घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत द्या. दुष्परिणाम लोकांच्या विचारण्याआधी सांगा. आणि हातावर पोट असणाऱ्याला तापाच्या दिवसाची मजुरी द्या. मांडीवरचे सूप एक दिवस बाजूला ठेवायची सोय जो करील, त्याचे लसीविषयीचे बोलणे ती बाई नक्की ऐकून घेईल.