सोलापुरात आलात? मग फड बघूनच जा

चादरी घेऊन झाल्या, सिद्धेश्वराचं दर्शन झालं, शेंगाची चटणी पिशवीत गेली, की आमच्याकडचे पाहुणे विचारतात, आता काय? क्रिकेटवाल्यांना पार्क मैदान दाखवता येतं. जानेवारी 2024 मध्ये तिथं महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला. पण क्रिकेट कुठंही बघायला मिळतं. मी पाहुण्यांना ऊन उतरायला लागलं की गाडीत घालते आणि जिथं जत्रा असेल तिथल्या कुस्त्यांच्या फडाला नेते.

बाईमाणसानं फडाला जायचं म्हणजे अजूनही काही भुवया वर जातात. जाऊ देत. 2023 मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. त्यानंतर ‘तुम्हाला यातलं काय कळतं’ असं विचारणारे जरा जपून विचारतात.

फड बघायचा तर लवकर जावं. शहरातले लोक शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीसाठी दिवस मावळताना उगवतात, आणि नेमकी तीच कित्येकदा रटाळ निघते. दोन्ही पैलवान नावाजलेले, दोघांनाही पाठ लागू द्यायची नसते. मग नुसती खडाखडी, आणि शेवटी पंच बरोबरीत सोडवतात. खरी मजा आधीच्या पोराटोरांच्या जोडींत. शड्डू ठोकायचा, माती कपाळाला लावायची, थोडी समोरच्याच्या अंगावरही टाकायची. घामानं अंग निसटतं, मातीनं पकड बसते. एका जत्रेत आठवी-नववीतला एक बारका पोरगा त्याच्याहून हातभर उंच पोराच्या पोटाखाली शिरला, त्याला खांद्यावर आडवा घेतला आणि तसाच पाठीवर आपटला. हलगी एकदम कडाडली. शेजारचे आजोबा माझ्या पाहुण्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, ‘कलाजंग मारला की बे त्यानं!’ मग तो पोरगा फडाला फेरी मारायला निघाला आणि लोक त्याच्या मुठीत दहा-वीसच्या नोटा कोंबायला लागले.

नवखा तीन डाव ओळखायला शिकला तरी पुरे. झेप घेऊन पाय धरला तो पट; हात-मान धरून कमरेवरून फेकलं ती ढाक; तिसरा वर सांगितलेला कलाजंग. बाकीचे डाव शेजारी बसलेला माणूस न विचारता सांगतो.

मातीत निकाली कुस्तीला महत्त्व, म्हणजे पाठ टेकली की चितपट, विषय संपला. गादीवर मात्र तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब. ऑलिंपिकला जायचं तर गादीशिवाय गत्यंतर नाही, हे मान्य. पण बघणाऱ्याचा जीव मातीतच रमतो, असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींकडचे विजेते किताबासाठी भिडतात.

1961 पासूनच्या त्या किताबाच्या यादीत आमच्या जिल्ह्याची एक गंमत आहे. बोरामणीच्या एकाच शेख घराण्यात तीन महाराष्ट्र केसरी झाले: इस्माईल 1980, आप्पालाल 1992, मुन्नालाल 2002. मग 2018 ला जालन्यात करमाळा तालुक्यातला बाला रफिक शेख, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये पुण्याजवळ फुलगावला मोहोळचा सिकंदर शेख. आडनावं सारखी असली तरी घरं वेगळी, गावं वेगळी. आप्पालाल यांनी 1991 मध्ये न्यूझीलंडला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदकही मिळवलं होतं. तालमीत समोर मारुतीची तसबीर, आणि तिच्यापुढं जोर मारणारा पोरगा शेख की माने, हे वस्तादाच्या लेखी सारखंच. तो बघतो फक्त कंबर किती खाली जाते ते.

फडाचा खरा हंगाम चैत्र-वैशाख. सुगी झालेली असते, गावोगावच्या यात्रा भरतात. पावसाळ्यात मैदानं थंडावतात, पण तालमी बंद होत नाहीत. दिवाळीनंतर पुन्हा स्पर्धांची हवा तापते. म्हणून ज्यांना बारमाही काही बघायचं असेल त्यांनी पहाटेची तालीम गाठावी. चपला बाहेर काढायच्या, वस्तादांना आधी विचारायचं, विचारल्याशिवाय हौद्यात पाय ठेवायचा नाही. हौस असेल तर ते जोर-बैठका मारायला लावतात. माझ्या पुण्याच्या भाच्यानं मोठ्या तोऱ्यात सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरताना कठडा धरावा लागला.

फडाला जाताना टोपी, पाण्याची बाटली आणि खाली अंथरायला एखादं पोतं न्यावं. बहुतेक गावांत तिकीट नसतं. कुठली जत्रा कधी, ते एसटी स्टँडाजवळच्या चहाच्या टपरीवर विचारावं. तिथं जोडींची नावं आणि इनामांचे आकडे छापलेला फ्लेक्सही बहुधा लावलेला असतो.