मांजरीचंही नाव असलेली राज्यघटना

लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसमध्ये, विल्निया नदीवरचा छोटा पूल ओलांडला की 'उझुपिस प्रजासत्ताक' लागतं. चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या या मोहल्ल्यातल्या कलावंतांनी 1 एप्रिल 1997 रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. तारीख अर्थातच मुद्दाम निवडलेली.

दुसऱ्या महायुद्धाआधी इथे ज्यू वस्ती मोठी होती. नाझींनी ती संपवली. सोव्हिएत काळात पडकी घरं तशीच राहिली, आणि स्वस्तात जागा शोधणारे चित्रकार-कवी तिथे शिरले. त्यांच्यातलेच कवी-चित्रपटकार रोमास लिलेइकिस राष्ट्राध्यक्ष झाले.

खरी गंमत राज्यघटनेत आहे. 41 कलमं, आणि ती अनेक भाषांत पाउपिओ रस्त्यावरच्या भिंतीवर लावलेली. नदीकाठी राहण्याचा माणसाला हक्क, तसा माणसाजवळून वाहण्याचा नदीला. गरम पाणी, हिवाळ्यात ऊब आणि कौलारू छप्पर हाही हक्कच. पडक्या घरांत राहणाऱ्यांची ही मागणी मला थट्टेची वाटत नाही. मांजरीने मालकावर प्रेम करायलाच हवं असं नाही, पण अडीअडचणीला धावून मात्र जावं.

एकाही देशाची मान्यता नाही; कायदा, पोलीस, कर सगळं लिथुआनियाचंच. तरी 1 एप्रिलला पुलावर पासपोर्टावर शिक्का मिळतो. घरांच्या किमती मात्र आता कलावंतांना झेपेनाशा झाल्या आहेत.